लाखेखालचं भोक

चूक कोणाच्याही हातून होते. पण चुकीवर रंगाचा हात फिरवायचा, ती गुळगुळीत करायची आणि मग शांतपणे दुसऱ्याच्या तोंडाला लावायची, ही कला ज्यांनी गावोगाव पसरवली, त्यांनी ही गोष्ट जरा कान देऊन ऐकावी.

एका गावात एक कातारी होता. लाकूड कातून तो लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर आणि गुडगुडीच्या नळ्या बनवी. त्याचं गाव डोंगराच्या उतारावर, पाण्याच्या एका पाटाकाठी. त्याच पाटाच्या पाण्यावर जगणारं दुसरं गाव खाली पायथ्याशी. खालचे म्हणत, पाणी पोचत नाही. वरचे म्हणत, आम्ही सगळं सोडतो, तुमचीच जमीन अधाशी. सात वर्षं हेच चाललं होतं. दोनदा डोकी फुटली होती.

शेवटी समेट ठरला. त्या भागात अशी रीत होती, की भांडण मिटलं म्हणजे दोन्ही गावच्या पाटलांनी एकाच नव्या गुडगुडीचा धूर ओढायचा. दोघांना धूर मिळाला की समेट पक्का. एकालाही मिळाला नाही, तर बोलणी मोडली.

त्या गुडगुडीची नळी कातायचं काम काताऱ्याकडे आलं.

वर निखाऱ्याची चिलीम, खाली पाण्याचं भांडं आणि दोघांना जोडणारी ही उभी नळी. ती घडवायचा क्रम त्याच्या आज्यापासून ठरलेला होता: आधी गिरमिटाने आरपार भोक पाडायचं, मग बाहेरून कातायचं. भोक वाकडं गेलं, तर नुसता लाकडाचा तुकडा वाया जातो, मेहनत नाही. पण या वेळी दोन गावं नळी बघणार होती. कातारी अधीर झाला. त्याने शिसवीचं लाकूड आधी कातलं, त्यावर एकाखाली एक बारीक मणी काढले, चिंचेच्या पानाएवढी नक्षी केली. यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याने गिरमिट लावलं. अर्धं भोक एका टोकाकडून नीट गेलं. दुसऱ्या टोकाकडून मात्र गिरमिट कललं आणि नळीच्या कुशीतून, दोन मण्यांच्या मधून, बाहेर डोकावलं.

ज्वारीच्या दाण्याएवढं भोक!

कातारी कपाळाला हात लावून बसला.

"अहो, एवढं काय त्यात?" कातारीण म्हणाली. "लाखेचा ठिपका द्या आणि मोकळे व्हा."

"अगं, हा भोवरा आहे का? हिच्यातून गरम धूर जाणार. लाख गरम झाली की सुटते, हे मी तुला सांगायचं?"

"दोन झुरके तर ओढायचे! तेवढ्यात कुठे सुटते?"

कातारी नळी घेऊन तडक आपल्या गावच्या पाटलाकडे गेला. "पाटील, भोक चुकलंय. दोन दिवस द्या, नवी करतो."

पाटलाने नळी फिरवून फिरवून पाहिली. "कुठाय? मला तर दिसत नाही."

"हे काय, इथे."

"मग तू दाखवू नकोस, म्हणजे झालं! अरे, उद्या माणसं जमणार, भाताची डेग चढणार, आणि तू मला भोकं दाखवतोस? चालतंय की. सगळं असंच चालतं."

ते 'चालतंय की' ऐकून कातारी आतल्या आत पेटला. वाटभर चरफडत राहिला. आणि चरफडून केलं काय? घरी येऊन लाख लावली! तांबडी, चकचकीत. जणू नक्षीतलाच एक मणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या बांधावर दोन्ही गावं जमली. चिलीम भरली, निखारे ठेवले. मान म्हणून वरच्या पाटलाने आधी ओढली. दोन झुरके ओढून थांबायचं, तर गडी दहा ओढत बसला. "वा! काय धूर आहे!" म्हणत नाकातून लोट सोडले आणि मग गुडगुडी पुढे केली.

खालच्या पाटलाने ओढली. गुडगुड वाजली. धूर नाही. पुन्हा ओढली. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, तरी धूर नाही.

"बघा रे बघा!" तो ओरडला. "इथेही तेच! आवाज आमच्या वाट्याला, धूर यांच्या!"

"ओढायची अक्कल नाही यांना," वरचा पाटील म्हणाला. "सात वर्षं पाण्याची बोंब, आता धुराची!"

खालचे उठले. वरचेही उठले. कोणीतरी काठी उचलली.

लाख मण्यावरून ओघळताना फक्त काताऱ्याला दिसली. गप्प राहिला असता तर त्याचं नाव कोणीही घेतलं नसतं. ओघळ धोतराने पुसला की संपलं. पण समोरची काठी आता खांद्यापर्यंत आली होती.

"थांबा!" कातारी मधे घुसला. "ओढणाऱ्याचा दोष नाही. नळीलाच कुशीत भोक आहे. ते मी पाडलं आणि लाखही माझ्याच हाताने लावली."

"खाली बस, मूर्खा!" वरचा पाटील दात ओठ खात पुटपुटला. "गावाचं नाक कापलंस!"

कातारी बसला नाही. त्याने भोकावर बोट दाबलं. "आता ओढा."

खालच्या पाटलाने ओढली आणि त्याला असा ठसका लागला, की पागोटं सुटलं. लोक हसले. तो मात्र हसला नाही. नळीकडे बघत राहिला.

"म्हणजे वर सगळं ठीक, खाली आम्ही जीव खाऊन ओढतोय, आणि गळतंय मधेच," तो म्हणाला. "चला रे, पाट बघू."

"आत्ता कशाला? जेवणं निवतील!" वरचा पाटील म्हणाला.

पण माणसं निघाली होती. वरच्या पाटलाच्या केळीच्या बागेजवळ बांधाला तीन भोकं सापडली. गवत कोंबून, त्यावर चिखल लिंपून, हात फिरवून गुळगुळीत केलेली. चिखलाआडून पाणी केळींच्या मुळाशी झिरपत होतं. वरच्या गावातल्या कितीतरी जणांनी तेव्हा माना खाली घातल्या, कारण त्यांना ते ठाऊक होतं.

दगड-मातीने भोकं पक्की बुजवली. कातारी घरी गेला, नवं लाकूड घेतलं, आधी भोक पाडलं आणि मगच कातायला बसला. या नळीवर एकही मणी नव्हता. दोन दिवसांनी तिचा धूर दोन्ही पाटलांना मिळाला. वरच्या पाटलाने पुढे कातार्‍याला काम दिलं नाही. खालच्या गावातून मात्र इतके लोक लाटणी मागायला आले, की त्याला मान वर करायला फुरसत मिळेना.

तात्पर्य म्हणाल, तर ते बांध बुजवला त्याच दिवशी सांगून झालं होतं. खालच्या गावची एक म्हातारी रिकामी घागर घेऊन पाटाशी उभी होती. माना खाली घातलेल्या सगळ्यांकडे बघून ती म्हणाली, "भोक पाडलं त्याला एक वेळ माफ करीन रे बाबांनो. पण ते माहीत असून 'चालतंय की' म्हणालात ना, या आता, सात वर्षं रिकामी नेलेली ही घागर भरून माझ्या दारापर्यंत पोचवा."