मुंगसाने मोडलेला नियम

हळदणकर सर मालवणच्या एका इंग्रजी शाळेचे प्रिन्सिपल झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं. शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला, की दर शब्दामागे एक तास भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. "शिपायापासून माझ्यापर्यंत कुणालाही सूट नाही!" काखेतली जाडजूड डिक्शनरी थोपटत सर म्हणाले.

एका दुपारी स्टाफरूमच्या खिडकीतून काहीतरी आत उडी मारून टेबलाखालून सुळकन पळालं. शिवण शिकवणाऱ्या रेवंडकर बाई किंचाळल्या, "मुंगूस!"

सर दारातच उभे होते. ते इंग्रजीत गरजले, "मराठी! चला, भिंतीकडे!"

निवृत्तीला आलेल्या बाई सगळ्यांदेखत मुकाट्याने भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनीही आता इंग्रजीतच विचारलं, "मग सर, त्याला म्हणायचं तरी काय?"

"मॉन्गूस! अस्सल इंग्रजी शब्द आहे. म्हणा माझ्यामागून, मॉन्गूस... मॉन्गूस."

"अस्सल कशावरून? जरा तुमच्या डिक्शनरीत बघता?"

सरांनी ऐटीत पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शब्दाच्या उगमापाशी येताच त्यांचा आवाज एकदम खाली गेला. तिथे लिहिलं होतं, 'मूळ मराठी शब्द, मुंगूस.'

बाई भिंतीलगत दोन पावलं सरकल्या आणि पदराने शेजारची जागा झटकून म्हणाल्या, "या सर. मी एकदाच म्हटलं, म्हणजे माझा एक तास. तुमचे मात्र तीन झाले."