गोंधळाआधीचं नाव

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा माघ. माझ्या दिनकरचं लग्न झालं होतं, देवीला गोंधळ घालायचं देणं राहिलं होतं.

दिनकर दोन हिवाळे खंडू गोंधळ्याच्या वर्गात गाणी शिकला होता. ती स्वरांसकट उतरवून त्यानं पुस्तक छापलं, जत्रेत विकलं. गोंधळाला पाहुणे जमल्यावर तेच पुस्तक खंडूपुढं ठेवून म्हणाला, "खंडूमामा, ही गाणी आता माझ्या हक्काची. यापुढं शिकवायची तर मला विचारून."

मी बाप. मला वर बघवेना.

खंडूनं संबळ त्याच्याकडं सरकवला. "मग आजचा गोंधळ धन्यानंच घालावा. फक्त रीत पाळा, मालक. गाणं शिकवणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय संबळावर काठी पडत नाही. घ्या नाव."

पुस्तकावर नाव एकट्या दिनकरचंच होतं.

"स्वतःचं घ्याल तर देवी विचारेल, बाळा, वर्गात काय झोपायला जात होतास?"

पाहुणे हसले. पाटावर बसलेल्या सुनेनं पदर पुढं ओढला.

दिनकर खंडूच्या पाया पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याचं नाव घेतलं. खंडूनं संबळ परत ओढला. गोंधळ झाला. देवीचं देणं फिटलं.