काजळीच्या गळ्यातला दाणा

एका राज्यात भिंतींना कान होते, आणि ऐकलेलं त्या पोटात ठेवत नसत. जी भिंतीला पाठ टेकून बसे, तिला पलीकडचं सगळं ऐकू येई. त्या राज्याची नवी सून तिलवंती रोज तशीच बसे. एका सकाळी भिंतीतून थोरल्या राणीसाहेबांचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा, आवाज आला.

"सून मुकी, कोंबडी आजारी. माहेरानं दोन्ही जिनसा नासक्याच धाडल्या. उद्या कोंबडीचा रस्सा कर. सून काही म्हणायची नाही. म्हणतेय कुठं?"

आचारी हसला. भिंतीने तेही सांगितलं.

काजळी तेव्हा तिलवंतीच्या मांडीवरच होती. माहेरची काळी कोंबडी, पाठवणीच्या दिवशी आपणहून मेण्यात शिरलेली. तेव्हापासून तिच्या गळ्याखालची दाण्याची थैली फुगून टणक झाली होती. टिपलेलं खाली उतरेना, चोच उघडी राही, मान वाकडी होई. तिलवंतीचं तरी काय वेगळं होतं? पाठवणीपासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मेणा वेशीच्या आत आला आणि मागचा रस्ता बाभळींनी बुजून गेला. रोज ती गच्चीवर जाऊन काट्यांपलीकडे आईच्या चुलीचा धूर दिसतो का, ते बघे. दिसत नसे. तरी बघे.

आता काजळीही गेली, तर माहेरचं म्हणून उरणार काय? तिने कोंबडी पदराखाली घेतली आणि परसातल्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. लिंबावर एक म्हातारा भारद्वाज असे. त्या राज्यातले पक्षी बोलत. हा कामापुरतंच बोले.

"माहेरचा उंबरठा ओलांडताना काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

तिलवंतीने मान खाली घातली. 'येते' म्हणायचं होतं. पण रडू दाटून आलं होतं.

"शब्द ओठांवरून घरंगळला आणि अक्षतांत पडला," भारद्वाज म्हणाला. "कोंबडीने अक्षता टिपल्या, त्यात तोही टिपला. या मुलखात एका मांत्रिकिणीची लेक 'जाते' म्हणून गेली, ती आलीच नाही. त्या मांत्रिकिणीने शाप दिला, की जी 'येते' न म्हणता निघेल, तिची वाट बुजेल. एकीचा शब्द सुटला, की साऱ्याजणींचा शाप सुटेल. कामं तीन आहेत. समईचं तेल आण. खजिन्यातले खडे आण. आणि दिवस मावळेपर्यंत हिला दाणा देऊ नकोस."

देवघरातल्या समईला नागाचं वेटोळं होतं. तो नाग बोलणाऱ्यालाच डसे, म्हणून पुजारीसुद्धा तिथे मंत्र मनातल्या मनात म्हणत. तिलवंतीचा मुकेपणा प्रथमच कुणाच्या कामी आला. तिने वाटीभर कोमट तेल घेतलं, चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडलं आणि ती टणक थैली कणीक मळावी तशी हलक्या बोटांनी चोळत बसली.

खजिन्यातल्या माणकांना हात लागला, की त्यांचे खडे होत. सात पिढ्या राजांनी तो खजिना लांबूनच राखला होता. तिलवंतीने त्यात मूठ घातली. मुठीत बारीक खडे आले. तिला हवे होते तेच.

"कोंबडीला दात नसतात," भारद्वाज वरून म्हणाला. "खडे हेच तिचे दात. तुमच्या वाड्यात जिकडेतिकडे संगमरवर. बिचारी टिपणार काय?"

काजळीने खडे टिपले. तिसरं काम उरलं. ते सोपं वाटलं होतं. ऊन कलल्यावर काजळीने मान वर केली आणि तिच्या चोचीतून आईचा आवाज आला.

"बाळे, एक घास दे गं."

या वाड्यात तिला 'बाळे' कुणी म्हटलं नव्हतं. तिची मूठ दाण्यांच्या सुपापर्यंत गेली. तिथेच थांबली. डोळ्यांतून धार लागली, बोटं चोळत राहिली. आवाज पुनःपुन्हा आला, मग क्षीण झाला, मग नुसती काजळी उरली.

सूर्य बुडताना तिच्या गळ्यात गुडगुड झाली. थैली मऊ पडली. तिने मान झटकली आणि कुंकवाने माखलेला एक तांदूळ फरशीवर पडला. तिलवंतीने तो उचलून जिभेवर ठेवला. उंबरठ्यावर म्हणायचा शब्द होता तो. सकाळपर्यंत तिने तो जपला.

सकाळी आचारी कोंबडी न्यायला आला, तो वेशीकडे बघून धावत परतला. वेशीवरच्या बाभळी बाजूला सरल्या होत्या. सारं राजघराणं तिथे गोळा झालं. एक वाट ताजी होती, तिच्या टोकाला धुराची रेघ होती. शेजारी दुसरी, गवताने भरलेली. थोरल्या राणीसाहेब त्या दुसऱ्या वाटेकडेच बघत राहिल्या.

"ती माझी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "जाता का, सूनबाई?"

तिलवंतीने पदर सावरला आणि काजळी त्यांच्या हातांत दिली. दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी त्यांनी ती अवघडून धरली. आचारी मागे सरकला. तिलवंती वेशीच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"येते, सासूबाई. तोवर रस्सा भोपळ्याचा करा."