मासुलीला वळायला जागा

एक होतं मडकं. मडक्यात पाणी. पाण्यात दोघी मैत्रिणी.
एक मासुली, बोटाएवढी. एक खेकडी, बटणाएवढी.
बाहेर ओढा आटलेला. म्हणून मडकं हेच घर.

एक दिवस बोका आला. मेला मडक्यावरच चढला!
धडाम! मडकं फुटलं. बोका पळाला. पाणीही पळालं.

जवळच होती करवंटी. करवंटीत वाटीभर पाणी.
मासुली उडाली. टप्प! करवंटीत पडली.
पण करवंटी केवढी? एवढीशी! नाक टेकलं इकडे, शेपटी टेकली तिकडे.
"खेकडीताई, मला वळायचंय गं."
"रडू नकोस. नवं घर आणते. आणल्याशिवाय बसायची नाही मी!"

घर कशाचं? पत्र्याचं? पत्रा गंजतो. पुठ्ठ्याचं? पुठ्ठा भिजतो. लाकडाचं? लाकूड फुगतं. आणि आत काळोख!
"काचेचं! मासुलीला ऊन दिसायला नको?"

खेकडी निघाली. खुरूखुरू खुरूखुरू, तिरकी तिरकी.

गफूरचाचा काच कापत होते. कर्र कट्! कर्र कट्!
"अगं तिरके, सरळ चाल की!"
"पाय माझे, चाल माझी! चाचा, काच द्या."
"का गं?"
"मासुलीला वळायला जागा मिळेना."
"अरेरे! पाणी लावून धार घासून देतो बेटा. पण काच एकटी उभी राहत नाही. काचेला काच चिकटवायला चीक लागतो. आधी चीक आण."

खुरूखुरू खुरूखुरू, तिरकी तिरकी.

हौसामावशीचं खिळ्यांचं, नळांचं दुकान.
"अगं तिरके, सरळ चाल की!"
"पाय माझे, चाल माझी! मावशी, चीक दे."
"का गं?"
"चाचांची काच उभी राहीना.
मासुलीला वळायला जागा मिळेना."
"हा बघ नळीतला चीक. पिच्च! पण ओल्या काचेला हा धरत नाही. काच पुसायला कोरडं फडकं आण."

खुरूखुरू खुरूखुरू, तिरकी तिरकी.

द्वारकाआक्का धुणं धूत होती. धप्प धप्प! धप्प धप्प!
"अगं तिरके, सरळ चाल की!"
"पाय माझे, चाल माझी! आक्का, फडकं दे."
"का गं?"
"मावशीचा चीक लागेना.
चाचांची काच उभी राहीना.
मासुलीला वळायला जागा मिळेना."
"फडकी पुष्कळ, पण सगळी ओली. वाळत घालायची दोरी तुटली ना! आधी दोरी आण."

खुरूखुरू खुरूखुरू, तिरकी तिरकी.

बायजाकाकू दोऱ्या वळायची. पण आज तिच्या मांडीवर बाळ. बाळ रडतंय. ट्यॅहॅ! ट्यॅहॅ!
"अगं तिरके, सरळ चाल की!"
"पाय माझे, चाल माझी! काकू, दोरी दे."
"का गं?"
"आक्काचं फडकं वाळेना.
मावशीचा चीक लागेना.
चाचांची काच उभी राहीना.
मासुलीला वळायला जागा मिळेना."
"दोन्ही हातांत बाळ! दोरी कशाने वळू? पायाने? आधी याला हसव."

खेकडी बाळाकडे वळली.
"बाळा, हस ना रे!
काकूची दोरी होईना.
आक्काचं फडकं वाळेना.
मावशीचा चीक लागेना.
चाचांची काच उभी राहीना.
मासुलीला वळायला जागा मिळेना."
बाळ म्हणालं, "ट्यॅहॅ!"

आता आली का पंचाईत? खेकडी चिडली. तरातरा फेऱ्या घालायला लागली. खुरूखुरू इकडे. खुरूखुरू तिकडे. तिरकी तिरकी.
बाळ गप्प झालं. टकमक बघायला लागलं. आणि... खुदकन हसलं!
खेकडी थांबली. बाळाचा ओठ वाकडा झाला.
खेकडी चालली. खुदकन!
काकू ओरडली, "अगं बाई, सरळ नको चालूस! तिरकीच चाल! अशीच चाल!"

बाळ हसलं, काकूची दोरी झाली.
दोरी झाली, आक्काचं फडकं वाळलं.
फडकं वाळलं, चाचांची काच लखलख पुसली.
काच पुसली, मावशीचा चीक लागला. पिच्च!
चीक लागला, काच उभी राहिली. खाली तळ. चारी बाजूंनी भिंती. करवंटीशेजारीच नवं घर, भोवती सगळे गोळा!

"आता पाणी ओता!"
"थांब!" चाचा म्हणाले. "चीक ओला आहे. हुंगून बघ."
खेकडीने हुंगलं. "ईऽऽ! आंबट!"
"आंबट वास गेला की पाणी."
खेकडी करवंटीपाशी बसली. "अजून थोडं गं, मासुले. मी आहे ना."
ऊन आलं. ऊन गेलं. खेकडीने हुंगलं. अजून आंबट.
पुन्हा ऊन आलं. पुन्हा गेलं. खेकडीने हुंगलं.
"नाही! आंबट नाही!"

आक्काने पाणी ओतलं. गुडगुड गुडगुड. कुठे थेंब गळतोय? नाही! कुठेच नाही!
काकूने करवंटी हळूच कलती केली. मासुली आत सरकली. सुळ्ळकन!

नाक इकडे, शेपटी तिकडे. आणि... आणि... शेपटी इकडे, नाक तिकडे!
वळली! मासुली वळली!

मग खेकडी उतरली. डुबुक! तळाशी चालली. खुरूखुरू खुरूखुरू, तिरकी तिरकी.
बाहेरून बाळाने काचेला नाक लावलं. खुदकन!
"सरळ चाल" कुणी म्हणालं का? कुणी नाही!

मासुली वळली. आता तूही कुशीवर वळ बघू.