एक लाख आठ टोपल्या

माझे भाऊ मातीखाली किती वेळ जिवंत होते? हे मी सगळ्यांना विचारलं, कुणीच सांगितलं नाही.

राजाचं तळं नऊ गड्यांनी खोदलं. त्यांत माझे थोरले भाऊ, सटवा आणि म्हाळू. काम संपलं त्याच संध्याकाळी काठ ढासळला आणि दोघं गाडले गेले. सकाळी राजा पूजेला येणार, म्हणून दिवाणाने उकरू दिलं नाही. उरलेल्या सातांना त्याने दम भरला.

राजा आला तसा मी त्याच्यापुढे आडवा पडलो. "महाराज, माझे भाऊ आत आहेत!"

"पोरगं खुळं आहे," दिवाण हसला. "पहिल्यापासून सातच गडी होते. पण काम बघा, महाराज! एक लाख आठ टोपल्या माती. आकडासुद्धा शुभ! आणि कामचुकारपणा नको म्हणून प्रत्येकाकडून सारख्याच टोपल्या घेतल्या."

"एकही कमी-जास्त नाही?" मी विचारलं.

"एकही नाही!"

"मग सातांत वाटा, दिवाणजी. सहा टोपल्या उरतात. त्या कुणी उचलल्या? आता नवांत वाटा. अंकांची बेरीज नऊ आली की नवांत सारखी वाटणी होते, हे मला सटवाने शिकवलंय. एक आणि आठ, नऊ. प्रत्येकी अकरा हजार एकशे बारा, उरत काही नाही."

कारकुनाने भागाकार करून पाहिला आणि खाली मान घातली.

"दिवाणजी, फावडं घ्या," राजा म्हणाला.

दुपारी ते सापडले, एकमेकांना धरून. माझं उत्तर बरोबर आलं होतं, पण त्याचं मी काय करू? मी दोघांच्या तोंडातली माती बोटाने काढली.