शेंदराखालची टाकी

"ही घाण जाते कुठं, अच्युतराव?"

चिंधूबुवांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ते मठाच्या संडासातून रिकामी बादली घेऊन बाहेर येत होते.

अच्युतराव प्राध्यापक होते, तेही संस्कृतचे. निवृत्तीनंतर सात वर्षं ते माळावरच्या या मठात राहत होते. बुवांनंतर मठ कोण सांभाळणार याबद्दल गावात फारशी शंका उरली नव्हती. अच्युतरावांना तर अजिबातच नव्हती.

त्यांनी डोळे मिटले. मनातला मळ ज्ञानाच्या अग्नीत कसा जळून जातो, ते सांगू लागले. सांगणं बरंच लांबलं.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी संडासाचं विचारतोय," ते म्हणाले.

सात वर्षं रोज सकाळी तिथं जाऊनही अच्युतरावांना हा प्रश्न पडला नव्हता.

बुवा दोन वर्षं दूरच्या धाकट्या मठात होते आणि कालच परतले होते. मधल्या काळात इथला कारभार अच्युतरावांनी पाहिला, आणि त्याच काळात मठात एक चमत्कारही झाला.

संडासापासून तीसेक पावलांवर, मेंदीच्या कुंपणापलीकडे, दोन बाजांएवढी जागा होती. वैशाखात सगळा माळ करपून जायचा, पण तिथलं गवत हिरवंगार राहायचं. मधोमध एक काळा दगड होता. मठाच्या मूळपुरुषांनी इथेच समाधी घेतली असली पाहिजे, असं अच्युतरावांनी एका गुरुवारी प्रवचनात सांगितलं. पुढच्या गुरुवारी दगडाला शेंदूर लागला.

शेजारी एक कललेला लोखंडी पाइप होता. तो जुन्या झेंड्याचा असणार, असं अच्युतरावांनी ठरवलं. फोटोत आड येतो म्हणून त्यांनी तो जमिनीलगत कापून घेतला आणि त्याचं तोंड सिमेंटने बंद केलं.

मठ झाडणाऱ्या तानूबाई तिथे रोज अकरा प्रदक्षिणा घालू लागल्या. मग गावातल्या बायकाही येऊ लागल्या. आज दहा वाजता विटांचा ट्रक यायचा होता. दगडाभोवती चौथरा बांधायचा आणि पौर्णिमेला तीन गावांनी तिथे भजनाला बसायचं, असं ठरलं होतं.

बुवांनी भिंतीला टेकवलेली लोखंडी सळई उचलली आणि अच्युतरावांच्या हातात दिली. बुवा पूर्वाश्रमीचे गवंडी होते. ही गोष्ट अच्युतराव सहसा कुणाला सांगत नसत.

"पाइप भिंतीतनं कुठं निघतो ते बघा. तो वाकडा जात न्हाई. त्याच्या रेषेत चाला आन् हातहातभर अंतरावर सळई खुपसा. आवाज बदलंल तिथं थांबा."

"आत्ता? बुवा, ट्रक येईल दहाला."

"म्हणून तर आत्ता."

अच्युतराव निघाले. आजूबाजूची जमीन दगडासारखी होती, सळई बोटभरसुद्धा शिरेना. पाइपच्या चरावरची माती मात्र मऊ होती. हातभर आत गेली की सळई भाजक्या मातीच्या पाइपला लागून टक् असा आवाज यायचा. पुढे सरकायचं, पुन्हा टक्. हे काम आपल्यासारख्या माणसाला का लावलं, असा राग त्यांच्या मनात होता आणि तो चेहऱ्यावरही दिसत होता.

मेंदीचं कुंपण आलं. त्यातली फट ओलांडून ते पलीकडे गेले आणि थांबले.

पाइपची रेषा सरळ त्या हिरव्या जागेकडे जात होती.

त्यांनी मागे वळून पाहिलं. बुवा कुंपणाशी उभे होते.

"आवाज बदलला?"

"नाही..."

"मग थांबला का?"

अच्युतराव हिरवळीवर गेले. शेंदराच्या दगडापासून वीतभर अंतरावर त्यांनी सळई खुपसली. या वेळी टक् झालं नाही. पोकळ, जड असा आवाज आला. सळई एकदम कोपरभर आत गेली, आणि मग काहीतरी तुटून खाली डुबुक झालं.

"बुवा..."

"उभं राहू नका. पालथे पडा."

अच्युतराव पालथे पडले.

"हात पसरा. आता पोटावर सरकत मागं या. घाई करू नका."

नेमक्या त्याच वेळी तानूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. पांढऱ्या धोतरातले प्राध्यापक दगडापुढे असे साष्टांग पडलेले पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पदर सावरून त्याही शेजारी लोटांगण घालायला निघाल्या.

बुवांनी काठी आडवी धरली.

"आज न्हाई, तानू."

अच्युतराव सरकत सरकत बाहेर आले आणि कुंपणाला टेकून बसले. त्यांच्या धोतरावर माती होती आणि कपाळावर शेंदूर होता. गेल्या गुरुवारी तिथे एकाच वेळी वीस बायका फेऱ्या घालत होत्या. मधोमध घंटा वाजवत ते स्वतः उभे होते. ते त्यांना आता आठवलं.

"किती खोल आहे?" त्यांनी विचारलं.

"आठ फूट. टाकी मीच बांधलीय. झाकणाला चार लाद्या घातल्या होत्या, त्याला तीस वर्षं झाली."

"आणि तो पाइप?"

"टाकीतला वायू बाहेर जायला."

"आणि दगड...?"

"तोबी मीच ठेवला. खूण म्हणून."

अच्युतरावांचा राग उसळून आला. इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज चढला.

"लागलं न्हाई सांगायला," बुवा म्हणाले. "दगड बघून माणूस वळसा घालून जातं. शेंदूर बघून जवळ येतं."

फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. विटा उतरवायला गावातल्या बायका आधीच तिथे जमल्या होत्या.

अच्युतराव उठले आणि धोतर झटकू लागले. झटकता झटकता त्यांना एक तोड सुचली. हळू आवाजात त्यांनी ती बुवांना सांगितली. मूळपुरुषांचा दृष्टान्त झाला, समाधीवर बांधकाम नको, जवळही कुणी जाऊ नये, एवढं सांगितलं की झालं. लोक लांब राहतील, कुणाच्या जिवाला धोका नाही, आणि मठाची अब्रूही राहील. मठाची म्हणजे कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही.

बुवा विचारात पडल्यासारखे दिसले.

"चालंल की," ते म्हणाले. "पण टाकी भरली म्हंजे उपसायला गाडी येती. समाधीत नळी घालू देईल का कुणी?"

अच्युतराव धोतर झटकायचे थांबले.

"आन् लाद्या बदलायच्या तर समाधी फोडावी लागंल. तवा दृष्टान्त कुणाला होणार? तुमी असाल का तवर?"

हॉर्न पुन्हा वाजला...

फाटकापर्यंत साठ-सत्तर पावलं होती. अच्युतराव ती फार सावकाश चालले. कपाळावरचा शेंदूर त्यांनी पुसला नव्हता. पुसायचं सुचलंच नसावं.

ट्रक बाहेर रस्त्यावरच रिकामा करायला त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. मग बायकांकडे वळले.

"ती समाधी नाही. आपल्या संडासाची टाकी आहे. वरच्या लाद्या ठिसूळ झाल्या आहेत. मी चुकीचं सांगितलं."

एकीला हसू फुटलं. दुसरी चिडली. तिने सुनेला बाळंतपणाआधी तिथे ओटी भरायला आणलं होतं. ती अच्युतरावांना बरंच काही बोलली, आणि ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळ्यात जास्त वेळ ड्रायव्हर हसला.

दुपारभर काम चाललं. बुवांनी कापलेल्या पाइपचं तोंड फोडायला लावलं आणि त्यावर डोक्याहून उंच नवा पाइप बसवून घेतला. तोंडाला जाळी बांधली. टाकीपासून चार पावलं सोडून चारी बाजूंनी बांबू रोवले आणि दोरी ओढली. नव्या लाद्या येईपर्यंत आत कुणी जायचं नाही, आणि त्या आल्यावरही वर गाडी घालायची नाही, झाड लावायचं नाही, मांडव टाकायचा नाही. हे सगळं अच्युतरावांनी आपल्या सुरेख अक्षरात पाटीवर लिहिलं. त्याआधी वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात 'संडासाची टाकी' असंही लिहिलं.

बुवांनी त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेतलं. संडासाच्या कोपऱ्यापासून टाकी किती पावलांवर आणि कोणत्या दिशेला, याचा नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने काढायला लावला. कागदावर काढतो, असं अच्युतराव म्हणाले होते.

"कागद तुमच्यासंगं जाईल," बुवा म्हणाले.

ऊन कलल्यावर तानूबाई आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून अच्युतराव स्वतः पुढे झाले आणि पाटीवर काय लिहिलंय ते त्यांना सांगितलं. सकाळीच कळलं, असं तानूबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोरीच्या बाहेर चपला काढल्या, दगडाकडे पाहून हात जोडले आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

अच्युतरावांना ते सहन होईना. दिवसभरात पदरात पडलेलं सगळं त्यांनी सोसलं होतं, पण हे मात्र जिव्हारी लागलं. ते तरातरा बुवांकडे गेले. बुवा पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

"सगळं खरं सांगितलं, बुवा. चारचौघांत सांगितलं, पाटी लावली, आत्ता तोंडाने पुन्हा सांगितलं. तरी तानूबाईंनी हात जोडलेच."

बुवांनी एक शेंग फोडली.

"दोरीच्या आत पाय टाकला?"

"नाही. बाहेरूनच."

"चपला?"

"त्याही बाहेरच काढल्या. पण बुवा, मग मी आता करू तरी काय?"

बुवांनी कुंपणापलीकडे पाहिलं. संध्याकाळच्या वाऱ्यात दोरी हलत होती.

"दोरी ताणून बांधा," ते म्हणाले. "सैल हाय."