चटणी नको असणाऱ्यांची वही

सांगलीहून चाळीस जण युरोपला निघाले होते. निघण्याआधीच्या बैठकीत टूर कंपनीचा माणूस राहिला बाजूला आणि माईक बळकावला अकरा देश पाहून आलेल्या रणदिवेसाहेबांनी. नोकरी संपून सात वर्षं झाली, तरी साहेबपण काही उतरलं नव्हतं.

“काही लोक परदेशातही चटण्या घेऊन येतात,” पहिल्या रांगेतल्या विमलताईंकडे बघत ते म्हणाले. “चारचौघांत डबे उघडतात. देशाची अब्रू जाते. तिथे गेलं की तिथलंच खावं.”

विमलताईंनी शांतपणे पिशवीतून वही काढली. “पटलं साहेब. मी सगळ्यांना पुरेल एवढी चटणी कुटणार होते. ज्यांना नको, त्यांनी यात नाव लिहून सही करा. म्हणजे तिकडे मी त्यांना उगाच आग्रह करणार नाही.”

वही सगळ्या सभागृहात फिरली आणि कोरीच साहेबांच्या हातात आली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, थोडा विचार केला आणि पुन्हा लावलं.

“चटणी लसणाची की जवसाची?” त्यांनी हळूच विचारलं. माईक चालूच होता.

“लसणाची,” विमलताई म्हणाल्या. “पण तुम्ही आपल्या खोलीचं दार लावून खा. देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे.”